गुबगुबीत अक्षराची शंभर वर्षं

सभ्य टायपोग्राफर मंडळी ज्या अक्षराचं नाव निघताच नाक मुरडतात, त्याची मी जुनी चाहती आहे. कूपर ब्लॅक. नाव ठाऊक नसेल, पण पाहिलेलं असणारच: जाडजूड, काळंभोर, कुठंही टोक नसलेलं, पायाशी गोल फुगलेलं रोमन अक्षर. बालवाडीच्या पाटीवर, आइस्क्रीमच्या गाडीवर, टी-शर्टाच्या छातीवर ते हमखास भेटतं. पाहिलं की लोकांना १९७०चं दशक आठवतं, बेलबॉटम आठवते, डिस्को आठवतो. प्रत्यक्षात ते १९२२ सालचं, शिकागोचं. जाहिरातवाल्यांच्या मागणीवरून काढलेलं आणि कित्येक वर्षं निव्वळ धंद्याचं अक्षर म्हणून खपलेलं. खेळकरपणा त्याला बऱ्याच उशिरा चिकटला.

मी कमर्शियल आर्टिस्ट म्हणून उमेदवारी केली ती मुंबईत, फोर्टातल्या एका लहानशा स्टुडिओत. कॉम्प्युटर यायला अजून पुष्कळ अवकाश होता. जाहिरात म्हणजे पांढऱ्या कार्डावर चिकटवलेलं आर्टवर्क, हाताला रबर सोल्यूशनचा वास आणि संध्याकाळी ब्लॉकमेकरकडे पळणारा पोऱ्या. ब्लॉक जस्ताचा. तो जाई वर्तमानपत्राकडे, नाहीतर गिरगावातल्या एखाद्या छापखान्यात. तिथल्या एका मशीनमन काकांनी मला टाईपाबद्दल जे शिकवलं, ते वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. मी नेलेला एक नाजूक मथळा चष्मा कपाळावर सरकवून बघत ते म्हणाले, "बाई, कार्डावर छान दिसतंय हे. माझ्या मशीनवर दुपारपर्यंत याचे हातपाय गळतील. तो लठ्ठ टाईप लावा की!" लठ्ठ टाईप म्हणजे कूपर ब्लॅक. काकांना ना कूपर माहीत होता, ना शिकागो. पण या अक्षराचा सगळा इतिहास मला त्यांच्या बाजूनं, मशीनच्या बाजूनं बघावासा वाटतो. कलेच्या पुस्तकांत तो सहसा फॅशनच्या बाजूनं सांगितलेला असतो.

आधी पूर्वजांविषयी थोडं. एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा लंडनमध्ये टाईप म्हणजे मुख्यतः पुस्तकाचा टाईप. मोठ्या आकाराचे खिळे, म्हणजे टाईपाचे सुटे ठसे, मिळत, पण ती पुस्तकी अक्षराचीच थोरली भावंडं. भिंतीवर डकवायच्या पत्रकांना ती पुरेनात. त्यात सरकारी लॉटरीची तिकिटं विकणारे दलाल एकमेकांशी हातघाईवर आलेले. आपलंच पत्रक आधी दिसलं पाहिजे, हा ज्याचा त्याचा हट्ट. अशा गिऱ्हाइकांसाठी रॉबर्ट थॉर्न या टाईप ओतणाऱ्या कारागिरानं अक्षराच्या जाड रेघा बेसुमार फुगवल्या आणि बारीक रेघा केसाइतक्याच ठेवल्या. या जातीला 'फॅट फेस' म्हणतात. थॉर्न १८२० मध्ये वारला. त्याची फाउंड्री लिलावात घेतली विल्यम थॉरोगुड नावाच्या गृहस्थानं, ज्याचा या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता. पैसे आले होते लॉटरीच्या बक्षिसातून! कादंबरीत असं लिहिलं तर संपादक कापून टाकेल. १८२६ मध्ये इंग्लंडातली सरकारी लॉटरी बंद झाली, लठ्ठ अक्षरं राहिली. टी. सी. हॅन्सर्ड या मुद्रकानं १८२५च्या आपल्या 'टायपोग्राफिया' या ग्रंथात त्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. म्हणजे जाड अक्षर आणि त्याला नावं ठेवणारा पंडित ही जोडी पहिल्यापासूनची.

पुढं अमेरिकेत, न्यूयॉर्कमध्ये, डॅरियस वेल्सनं १८२७ पासून लाकडी टाईप यंत्रावर कोरायला घेतला. शिशाचे हातभर खिळे ओतायलाही अवघड आणि उचलायलाही. लाकडाचे हलके आणि स्वस्त. सर्कस, नाटकं, घोड्यांचे लिलाव यांची पत्रकं त्यावर निघाली.

फॅट फेसला एक खोट मात्र होतीच. जाड रेघ दगडासारखी घट्ट आणि तिला चिकटलेली बारीक रेघ केवळ नावापुरती. खिळा दाबाखाली पुन्हा पुन्हा जाऊ लागला की आधी ती बारीक रेघ मोडायची. शाई जरा जास्त झाली की बुजायची, कमी झाली की उमटायचीच नाही. सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांशी असणारी छोटी आडवी पट्टी, कोपऱ्यात टवका उडून बसायची. ठसठशीत दिसावं म्हणून घेतलेलं अक्षर दोन-चार कामांतच भिकेला लागलेलं दिसे. शंभर वर्षं हे दुखणं छापखान्यांनी मुकाट सोसलं.

आता शिकागो. ओस्वाल्ड ब्रूस कूपर १८७९ मध्ये ओहायोतल्या माउंट गिलियड गावी जन्मला आणि कॅन्ससमधल्या कॉफीव्हिलला वाढला. शाळा अर्धवट सोडून छापखान्यात उमेदवारी केली, मग चित्रकार व्हायचं म्हणून शिकागोच्या फ्रँक होम यांच्या इलस्ट्रेशनच्या शाळेत दाखल झाला. चित्रात काही हात बसेना. पण त्याच शाळेत लेटरिंग शिकवायला फ्रेडरिक गाऊडी होते, जे पुढं अमेरिकेतले सर्वांत नावाजलेले टाईपकार झाले. आणि शिकणाऱ्यांत डब्ल्यू. ए. ड्विगिन्स होता, तोही पुढं मोठा झाला. कूपरला आपली वाट तिथं सापडली. तो स्वतःच लेटरिंग शिकवू लागला आणि १९०४ मध्ये फ्रेड बर्ट्श या मित्राबरोबर त्यानं 'बर्ट्श अँड कूपर' हा जाहिरातींचा स्टुडिओ काढला.

गाव शिकागो होतं हे महत्त्वाचं. देशभरच्या रेल्वे तिथं एकवटत. माँटगोमेरी वॉर्ड आणि सिअर्स या टपालानं माल विकणाऱ्या कंपन्या तिथल्याच. खेड्यातल्या शेतकऱ्याला घरबसल्या नांगरापासून कोटापर्यंत सगळं विकायचं, तेही दुकानदाराची गोड जीभ मदतीला नसताना. जे काही बोलायचं ते कागदावरच्या अक्षरानं. म्हणून त्या शहरात छापखाने, ब्लॉकमेकर, कॉपी लिहिणारे आणि अक्षरं काढणारे यांची दाटी झाली. न्यूयॉर्क-बॉस्टनकडे सुंदर पुस्तकं छापण्याची प्रतिष्ठा होती. शिकागोत माल खपवण्याची घाई होती. कूपर या घाईत वाढलेला माणूस. तो जाहिरातीचा मजकूरही लिही, अक्षरंही काढी, मांडणीही करी. पॅकार्ड मोटार कंपनीच्या जाहिरातींसाठी त्यानं हातानं काढलेली अक्षरं इतकी गाजली, की अमेरिकन टाईप फाउंडर्स या बलाढ्य कंपनीनं १९१३ मध्ये त्यांवरून टाईपच ओतला.

मुळात हा माणूस लेटरिंगवाला होता, हे विसरून चालत नाही. टाईपकार एकेक अक्षर सुटं बघतो. लेटरिंगवाला अख्खा शब्द एका दमात बघतो. कूपरची रेघ पेनाची आणि ब्रशची. तिला जिथं थांबायचं तिथं ती थोडी पसरते आणि गोल होऊन थांबते. शिकागोतल्याच 'बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर' या फाउंड्रीनं त्याच्याकडे नव्या टाईपाची मागणी केली, त्यामागं त्यांचे जाहिरातप्रमुख रिचर्ड मॅकआर्थर यांचा लकडा होता. आधी आला साधा कूपर ओल्ड स्टाईल, गोल सेरिफांचा, मध्यम वजनाचा. मग जाहिरातवाल्यांना हवा म्हणून त्याचा काळाकुट्ट भाऊ. १९२२ मध्ये कूपर ब्लॅक बाजारात आला.

हे अक्षर भिंग घेऊन बघण्यासारखं आहे. सरळ रेघ अशी त्यात जवळजवळ नाहीच. उभा दांडाही मधे किंचित दबलेला. सेरिफ पेढीवरच्या लोडासारखा, दोन्ही टोकांनी गोल आणि खालून फुगीर. त्यामुळं अक्षर ओळीवर सपाट बसत नाही, पायाच्या मधोमध टेकतं. गोल 'ओ'च्या आतली पोकळी सरळ उभी नसून मागं रेललेली. लहान अक्षरं चांगली मोठी, त्यांच्या खाली लोंबणाऱ्या शेपट्या आखूड. म्हणून ओळीवर ओळ दाट लावता येते आणि लहानशा जागेत मोठा मथळा मावतो. जागेचे पैसे मोजणाऱ्या व्यापाऱ्याला आणखी काय पाहिजे?

आता यात काकांचं म्हणणं घाला. कोपराच नाही, तर टवका उडणार कुठला? बारीक रेघच नाही, तर मोडणार काय? शाई थोडी फाकली तर गोल कडा आणखी थोडी गोल होते, इतकंच. खिळा झिजला तरी झिजल्यासारखा दिसत नाही, कारण तो नवा असतानाच झिजून गुळगुळीत झाल्यासारखा काढला आहे. मला ही या अक्षरातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. छापखान्याचं भांडवल खिळ्यांत अडकलेलं असे. जो टाईप वर्षानुवर्षं तरुण राहतो तो मालकाला फुकटात पडतो. कूपरनं हे ठरवून केलं की हाताच्या सवयीनं झालं, यावर वाद घालणारे घालोत. छापखान्यात वाढलेल्या मुलाच्या हाताची सवयही छापखान्यानंच लावलेली असते.

फाउंड्रीनं विक्रीचा धडाका लावला आणि कूपर ब्लॅक तिचा सर्वांत खपणारा टाईप झाला. कूपर मात्र स्वतःच्या अक्षराची थट्टा करायला कचरत नसे. दूरदृष्टीच्या मुद्रकांनी हा टाईप आपल्या लघुदृष्टीच्या गिऱ्हाइकांसाठी घ्यावा, अशा अर्थाचा त्याचा विनोद अजून सांगितला जातो. विरोधक अर्थात गप्प बसले नाहीत. त्यांनी याला 'काळं संकट' ठरवलं. गंमत अशी, की एकीकडे शिव्या आणि दुसरीकडे नकला. लडलो कंपनीसाठी रॉबर्ट मिडलटननं १९२४ मध्ये 'लडलो ब्लॅक' काढला. मोनोटाइप कंपनीनं तर थेट गाऊडींनाच गळ घातली, आणि कूपरच्या गुरुजींनी १९२५ मध्ये 'गाऊडी हेवीफेस' काढून दिला, शिष्याच्या अक्षराला टक्कर देण्यासाठी! टक्कर काही झाली नाही. आज हेवीफेस ओळखणारे थोडे.

कूपरनं त्याच साच्यातून पुढं तिरपा इटॅलिक काढला आणि १९२५ मध्ये 'कूपर हायलाइट', ज्यात काळ्या अंगावर डाव्या बाजूनं उजेड पडावा तशी पांढरी रेघ होती. १९२९च्या सुमाराला त्यानं 'फुलफेस' केला. तेव्हाची हवा युरोपातल्या आधुनिक अक्षरांची होती, आणि हा प्रयोग विशेष चालला नाही. मग मंदी आली. बार्नहार्ट कंपनी १९११ पासूनच अमेरिकन टाईप फाउंडर्सच्या मालकीची होती, आता ती तिच्यात पुरती विरून गेली. कूपर १९४० मध्ये वारला. शिकागोतल्या टायपोग्राफिक आर्ट्स सोसायटीनं १९४९ मध्ये त्याच्यावर एक पुस्तक काढलं. तोवर ब्लॅकची सद्दी संपली होती. मथळ्यांमध्ये सडपातळ, विनासेरिफ अक्षरांची चलती होती.

त्याला दुसरा जन्म दिला तो तंत्रानं. शिशाच्या खिळ्याला चौकट असते; दोन अक्षरं तिच्यापेक्षा जवळ येत नाहीत. १९६०च्या दशकात मथळे फोटोच्या फिल्मवर जुळू लागले आणि ही चौकट गेली. अक्षरं एकमेकांना खेटवता आली, एकमेकांत अडकवता आली. कूपर ब्लॅकसारखं गोल अंगाचं अक्षर खेटलं की त्याचा एकसंध, मऊ काळा गोळा होतो. तोच आज आपल्याला 'खेळकर' वाटतो. १९६६ मध्ये बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स' या तबकडीच्या वेष्टनावर, हिरव्या पट्टीत, शेळ्यांना खाऊ भरवणाऱ्या पोरांच्या चित्रावर ते आलं. १९६८ मध्ये बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेच्या नावात आलं. चाळिशी ओलांडलेलं अक्षर एकदम तरुण पिढीचं झालं.

आमच्यापर्यंत ते पोचलं लेट्रासेटच्या पानांतून. या ब्रिटिश कंपनीनं १९६१ मध्ये कोरडी घासून चिकटणारी अक्षरं काढली, आणि फाउंड्रीशी काही देणंघेणं नसलेल्या आमच्यासारख्या कारागिरांच्या हाती जगातले टाईप आले. पान आयातीचं, महाग. स्टुडिओत ते कुलपात असे, आणि साहेब ते देताना दागिना द्यावा तसे देत. पानावर 'ई' जास्त दिलेले असत, तरी आमच्या इंग्रजी मथळ्यांत तेच आधी संपत. मग 'सी' घ्यायचा, आत ब्लेडनं कापलेला तुकडा बसवायचा. नाजूक सेरिफांचा टाईप घासताना बारीक रेघेला तडा जाई, की गेली सकाळ वाया. कूपर ब्लॅकला तडा गेला तरी भर पोटात जायचा. काळ्या शाईनं बुजवला की संपलं. बिस्किटं, खेळणी, गालिचे, एका दंतवैद्यांची पाटीसुद्धा आम्ही त्यात केली. दात आणि गोल अक्षर यांचा काय संबंध जुळवला होता, देव जाणे, पण दंतवैद्य खूश होते.

न्यूयॉर्कमध्ये त्याच सुमाराला पोरं टी-शर्टवर इस्त्रीनं आपापली नावं चिकटवून घेत होती, आणि दुकानात मिळणाऱ्या मखमली अक्षरांत कूपर ब्लॅक सर्रास असे. पुढं हिपहॉपच्या जुन्या फोटोंत ते छातीछातीवर दिसतं. इथंही कारण बरंचसं काकांचंच: बारीक रेघ धुण्यात सुटून येते, जाड गोल तुकडा कापडाला धरून राहतो. मग १९९५ मध्ये ल्यूटनहून उडणाऱ्या ईझीजेट या स्वस्त विमान कंपनीनं नारिंगी रंगात तेच अक्षर घेतलं. तिची पहिली विमानं अंगावर बुकिंगचा टेलिफोन नंबर मिरवत फिरत. विमानाला हातगाडीइतकं जवळचं वाटू द्यायचं असेल तर अक्षर असंच लागणार. शिकागोच्या कॅटलॉगवाल्यांनी पाठ थोपटली असती.

आमच्या स्टुडिओत एक प्रसंग मात्र दर वर्षी येई. गिऱ्हाईक म्हणे, "इंग्लिश नाव झकास झालंय. आता हेच मराठीत करा." इथं खरी परीक्षा. रोमन अक्षर आत फुगलं तरी त्याच्या पोटात एखाद-दुसरी पोकळी सांभाळली की भागतं. देवनागरीत वर शिरोरेषा, तिच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार. खाली उकार, रफार-रकार वेगळेच. शिवाय 'क्ष', 'ज्ञ', 'द्ध' यांच्या पोटातल्या गाठी. रेघ कूपर ब्लॅकइतकी जाड केली की 'श्र'चा ठोकळा होतो आणि 'थ' की 'य' हे तोंडानं सांगावं लागतं. शिरोरेषा तितकीच जाड ठेवली तर खाली अक्षराला जागा उरत नाही, बारीक केली तर टोपी उसनी आणल्यागत दिसते. म्हणून तयार टाईप सोडून दर वेळी शब्द हातानं रंगवायचा, जिथं गुंता तिथं रेघ गुपचूप बारीक करायची. कूपर मुळात हेच काम करत होता. आपल्याकडे या कलेत कमल शेडगे यांच्याइतका दबदबा दुसऱ्या कुणाचा नव्हता. नाटकांच्या जाहिरातींत त्यांची शीर्षकं दुरून ओळखू यायची, आणि प्रत्येक नाटकाला वेगळं अक्षर. २०२०च्या जुलैत ते गेले.

आता मुंबईच्या 'एक टाईप' या गटाचा 'मोदक' आहे. देवनागरीत इतका गुबगुबीत टाईप दुसरा नसेल. पोकळ्या इतक्या आवळल्या आहेत की आत पांढऱ्या फटीच उरतात, तरी शब्द वाचता येतो. त्यांचाच 'बलू'ही आहे, जरा शिस्तीतला. दोन्ही कुणालाही फुकट वापरता येतात. गल्लीतल्या गणेशमंडळाच्या फलकावर मी 'मोदक' पाहिला, तेव्हा तो कुठल्या मशीनवर छापलाय हे आधी बघितलं. सवय जात नाही.

अलीकडे स्क्रीनवर सगळंच तुळतुळीत दिसतं, त्यामुळं कूपर ब्लॅकची निम्मी हुशारी वापराविना पडून आहे आणि उरलेल्या निम्मीला लोक 'रेट्रो' म्हणतात. मला तो शब्द त्याच्यावर अन्याय वाटतो. ज्यांना हे अक्षर बाळबोध किंवा सवंग वाटतं, त्यांनी एक काम करावं. जिथं अजून जुनं ट्रेडल छपाईयंत्र चालतंय असा छापखाना शोधावा, सर्वांत हलका कागद घ्यावा आणि आपल्या आवडत्या नाजूक टाईपाशेजारी हा लठ्ठ टाईप लावून दिवसभर छापून घ्यावं. नावं ठेवायची ती संध्याकाळचा शेवटचा कागद बघून ठेवावीत.